पित्ताशयापर्यंतचा अभ्यासक्रम

सोनोग्राफीच्या अहवालात खडा चौदा मिलिमीटरचा लिहिला होता. सोबतच्या काळ्या-करड्या चित्रावर पट्टी ठेवून मोजला, तर तो अकराच भरला. नकाशेकाकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजला. अकरा. तिसऱ्यांदा त्यांनी डिव्हायडर घेतला. अकराला केसभर कमी.

"प्रमाण लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "चित्रावर प्रमाण लिहिलेलं नसेल, तर त्या चित्राला काही अर्थ नाही."

"दुखायचं ते चौदाचंच दुखतं," काकू म्हणाल्या.

नकाशेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढल्यावर इमारतीतल्या लोकांनी ते त्यांना बहाल केलं होतं. काकूंना मात्र सगळे नुसतं काकू म्हणत. त्यांचं तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान होतं. कोट, पँट आणि बिघडलेल्या कपड्यांची दुरुस्ती. खडा काकूंच्या पोटात होता.

सर्जनने दहा मिनिटांत विषय संपवला होता. पित्ताशय काढून टाकायचं. पोटाला चार लहान भोकं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. कधी करू या?

"मी जरा अभ्यास करून कळवतो," काका म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत काकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

अभ्यास म्हणजे चार लोकांना विचारणं, असं बहुतेकांना वाटतं. काका त्यातले नव्हते. गावात एक आरोग्य प्रशिक्षण संस्था होती. तिथे 'मानवी शरीररचना व शरीरक्रिया' असा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. रुग्णवाहिकेवरचे मदतनीस, व्यायामशाळेतले शिक्षक, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका अशांसाठी तो चालवला जाई. काकांनी अर्ज भरला, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता, आणि खिडकीमागच्या कारकून बाईंकडे दिला.

"नियोक्त्याचा दाखला?"

"मी निवृत्त आहे."

"मग जिथून निवृत्त झालात तिथला आणा."

खात्याने सांगितलं की काका आता त्यांचे कर्मचारी नाहीत, तेव्हा ते आमच्याकडे नोकरीला नाहीत एवढाच दाखला देता येईल. तो मिळायला चार दिवस गेले. बाईंनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्ही कुठेच नाही, असा दाखला आणलात."

"बाई, मी एकतीस वर्षं..."

"ते दिसतंय. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. घरात कोणाचा धंदा वगैरे?"

अशा रीतीने काकू नकाशेकाकांच्या नियोक्त्या झाल्या. दुकानाच्या छापील कागदावर त्यांनी लिहिलं: 'सदर इसम माझ्याकडे मदतनीस म्हणून काम करतो. वागणूक समाधानकारक.' खाली शिक्का मारला.

"इसम?" काका म्हणाले. "आणि नुसती समाधानकारक?"

"उत्तम लिहिलं तर खोटं वाटेल हो."

या सगळ्यात नऊ दिवस गेले आणि वर्गाचा पहिला तास बुडाला. पहिल्या तासाला काय असतं, नाव-गाव आणि ओळखपाळख, अशी काकांनी स्वतःची समजूत काढली. ती त्यांना पुढे महाग पडली.

वर्ग एका निवृत्त मेट्रन घेत. सगळे त्यांना मॅडम म्हणत, आणि त्या वर्गात आल्या की व्यायामशाळेतले दंडवाले शिक्षकसुद्धा खुर्चीत नीट बसत. काका सर्वांत पुढे बसायचे. दोनशे सहा हाडांपैकी प्रत्येकाचं त्यांनी ट्रेसिंग कागदावर आरेखन केलं. समोरून, बाजूने आणि आडवा छेद. उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत हाडाचं नाव, तारीख आणि प्रमाण एकास एक. मॅडमनी मांडीच्या हाडाचा कागद उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "याला दरवाजे कुठे ठेवणार?" वर्ग हसला. काकांनी हे कौतुक समजून घरी येऊन सांगितलं.

पुस्तकाचे अकरा भाग होते. अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, मज्जासंस्था, असे क्रमाने. पचनसंस्था सातवी. मधले भाग सोडून सातवा उघडणं काकांना मंजूर नव्हतं. पाया न भरता तिसऱ्या मजल्याची खिडकी कोण काढतं? पुस्तकाला त्यांनी जाड तपकिरी कव्हर घातलं होतं आणि ते कपाटात वरच्या फळीवर ठेवत, म्हणजे काकूंच्या हाती लागू नये. आतली चित्रं पाहून ती घाबरेल, असं त्यांचं म्हणणं. "सगळं नीट समजलं की मी तुला सांगेन," ते म्हणत.

सर्जनच्या दवाखान्यातून महिन्याला एकदा फोन येई. फोनवर एक ताई असत.

"काका, ऑपरेशनचं काही ठरलं का?"

"मज्जासंस्थेत आहे सध्या."

पुढच्या महिन्यात, "रक्ताभिसरण चालू आहे." ताईंनी बहुधा काकूंच्या कागदावर तसंच लिहून ठेवलं असावं.

शेजारी-पाजारी गप्प बसले असते तर ती इमारत कसली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहत. आयुष्यभर लोकांना मरणाची आठवण करून दिल्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक धीरगंभीर गोडवा होता.

"ऑपरेशनची घाई करू नका," ते म्हणाले. "माझ्या साडूचं पित्ताशय काढलं. तेव्हापासून माणूसच बदलला. वादच घालत नाही. बायको काय म्हणेल त्याला हो."

"मग वहिनींऐवजी तुमचंच काढायला हवं," वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या लगेच काकांकडे वळल्या. "पण मला सांगा, गुडघा चढताना वाजतो आणि उतरताना वाजत नाही, ते का?"

काकांनी त्यांना गुडघ्याचं आरेखन दिलं. त्या आठवड्यात सहा जण येऊन गेले. एकाची पाठ, एकीचा अंगठा, आणि एक गृहस्थ असे की त्यांना काहीच होत नव्हतं आणि त्याचीच त्यांना काळजी वाटत होती. काका सर्वांना वेळ देत. वहीत नोंद करत. शरीराबद्दल विचारायला माणसं घरी येतात, ही गोष्ट निवृत्त माणसाला किती पोसते, ते निवृत्त झाल्याखेरीज कळायचं नाही.

श्वसनसंस्था चालू असताना काकूंना दुसऱ्यांदा जोराची कळ आली. दुपारची वेळ होती. त्या एका कोटाची कॉलर शिवत होत्या. मशीन थांबलं, म्हणून काका दुकानाच्या आतल्या खोलीतून बाहेर आले. काकूंनी कपाळ मशीनवर टेकलं होतं आणि उजवा हात फासळ्यांखाली दाबून धरला होता.

"कुठे दुखतंय? नक्की कुठे? एका बोटाने दाखव."

त्यांनी दाखवलं. उजवीकडे, आणि मग पाठीमागे खांद्याच्या पात्याखाली. काकांनी वही काढली आणि वेळ लिहिली. मग फरशीवर बसून त्यांनी काकूंचा पाय धरून ठेवला, कारण धरता येण्याजोगं दुसरं काही त्यांना सुचलं नाही. कळ चाळीस मिनिटं टिकली. नंतर काकूंनी ती वही पाहिली. ज्या माणसाची अक्षरं बघून खात्यात नव्या लोकांना शिकवत, त्याने '२.१० ते २.५०' एवढंच लिहिलं होतं, आणि आकडे एका ओळीत नव्हते.

त्यांनी वही मिटून जागेवर ठेवली.

अखेर सातवा भाग आला. पान एकशे बारावर संपूर्ण पानभर रंगीत आकृती होती, पोट उघडलेला माणूस. काकांनी आधी नुसती पाहिली. मग चष्मा पुसला.

यकृत डावीकडे होतं.

त्याखाली हिरवी पिशवी, म्हणजे पित्ताशय. तेही डावीकडे. अहवालात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, उजवीकडे. काकूंनी बोटाने दाखवलं तेही उजवीकडे. काकांनी पुढची पानं उलटली. प्लीहा उजवीकडे. अपेंडिक्स डावीकडे. मागे जाऊन हृदयाची आकृती काढली, जिची बाजू शिकताना त्यांनी पाहिलीच नव्हती. हृदय उजवीकडे झुकलेलं! त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके डावीकडे लागत होते, नेहमीसारखे, फक्त जरा जास्त.

इथे काकांच्या नोकरीतली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका पोस्ट ऑफिसचा नकाशा काढला होता. प्रती काढणाऱ्याने ट्रेसिंग यंत्रात पालथं घातलं. नकाशा उलटा छापला गेला, कंत्राटदाराने तसाच बांधला, आणि जिना पूर्वेला यायचा तो पश्चिमेला आला. त्या इमारतीला आजही लोक उलटं पोस्ट म्हणतात. नकाशावर सही काकांची होती. ते त्या रस्त्याने जायचं टाळतात.

तेव्हा काय झालं असेल, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. एखादा अवयव चुकला असता तर चित्रकाराची चूक. सगळेच बाजू बदलून बसलेत, म्हणजे छपाईची. फिल्म पालथी पडली. मग नावं सरळ कशी? नावं नंतर चिकटवतात. सगळं जुळत होतं. पुस्तकाची अकरावी आवृत्ती होती. आणि मग त्यांना घाम फुटला. काकूंचे सर्जन याच पुस्तकावर शिकले असतील तर?

पुढचा महिना काकांनी पत्रव्यवहारात घालवला. संस्थेला त्यांनी चार पानी निवेदन दिलं, सोबत तीन आरेखनं. कारकून बाईंनी सांगितलं की अभ्यासक्रमातल्या दोषाची तक्रार विहित नमुन्यात, तीन प्रतींत लागते. नमुना संपला होता. काकांनी तो स्वतः आखून आणला. इतका नीट, की बाईंनी पुढच्या वर्षासाठी पन्नास प्रती करून ठेवल्या. मॅडम त्याच सुमारास दोन महिन्यांच्या रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेले स्वच्छता निरीक्षक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत आणि जिथे वाक्य लांब असे तिथे दम घेत. त्यांनी फाईल वर पाठवली. वरच्या साहेबांनी, तक्रार एवढ्या सुवाच्य अक्षरात आहे म्हणजे खरीच असणार, असं धरून सही केली असावी. दुसरं कारण तरी दिसत नाही.

बेचाळीस विद्यार्थ्यांच्या बेचाळीस पुस्तकांत एक छापील चिठ्ठी चिकटवण्यात आली: 'शुद्धिपत्र. हृदयाच्या पानावरील व पान ११२ ते १४० वरील आकृतींत बाजू उलट छापल्या गेल्या आहेत. वाचकांनी प्रत्येक बाजू बदलून वाचावी.'

सूचनाफलकावर काकांचं नाव लागलं. विमावाल्यांनी खाली गेटापाशी त्यांचा हात हातात घेतला.

"तुम्ही किती जीव वाचवलेत, याची गणतीच नाही."

"कर्तव्य होतं," काका म्हणाले. त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "शुद्धिपत्र सगळ्या दवाखान्यांत पोहोचू दे. मग बघू."

मागून काकू म्हणाल्या, "कसलं शुद्धिपत्र?"

"आहे एक तांत्रिक बाब. तू काळजी करू नकोस."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी मॅडम रजेवरून परतल्या. परीक्षा सोपी होती. एकवीस जणांनी अंगावर पांढरं एप्रन घालून बाकांवर उताणं झोपायचं, एकवीस जणांनी निळ्या खडूने त्यांच्या अंगावर यकृताची रेघ काढायची. मग जागा बदलायच्या. काकांच्या वाट्याला रुग्णवाहिकेवरचा एक धिप्पाड मदतनीस आला. काकांनी अहवाल आठवला, काकूंचं बोट आठवलं, आणि त्याच्या उजव्या फासळ्यांखाली स्वच्छ रेघ ओढली.

मॅडम पहिल्या बाकापाशी आल्या. थांबल्या. दुसऱ्यापाशी आल्या. मग हात पाठीमागे बांधून शेवटपर्यंत चालत गेल्या.

"वीस यकृतं डावीकडे," त्या म्हणाल्या. "एकाच खोलीत. जगाला कळवायला हवं."

कोणी हललं नाही. झोपलेलेही झोपून राहिले.

"माझे हात उजवीकडेच जात होते, मॅडम," एक शुश्रूषा करणारी बाई म्हणाली. "पंधरा वर्षं तिथेच बघतेय. पण आता पुस्तकात दुरुस्ती आली ना."

मॅडमनी पुस्तक मागवलं. चिठ्ठी वाचली. मग काकांच्या बाकापाशी आल्या.

"तुमचं एकट्याचं बरोबर आहे. तुम्ही शुद्धिपत्र वाचलं नाहीत का?"

"मीच लिहिलं," काका म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या. साठी उलटलेल्या पेशंटकडे पाहतात तसं पाहत होत्या.

"पहिल्या तासाला होतात?"

"नव्हतो. दाखल्याचं जरा..."

"घरी कोण आहे?"

"बायको."

"तिला पान एकशे बारा दाखवा. ती काय म्हणते ते मला येऊन सांगा. तोवर वर्गात येऊ नका."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. एकतीस वर्षांत काकांना कोणी कार्यालयाबाहेर काढलं नव्हतं. उलट्या पोस्टाच्या वेळीसुद्धा खुर्ची देऊन झापलं होतं. ते पुस्तक काखेत धरून घरी चालत आले, आणि विचारात इतके गढून गेले होते की पोस्टाच्या रस्त्यानेच आले.

काकू दुकानात एका पुरुषी कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. काकांनी पुस्तक कापायच्या टेबलावर ठेवलं, कव्हर काढलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा ते काकूंच्या समोर उघडलं.

"हे बघ. घाबरू नकोस. यात काय चुकलंय?"

काकूंनी दोन टाचण्या मनगटावरच्या गादीत खोवल्या. आकृतीकडे पाहिलं. घाबरल्याचं काही दिसलं नाही.

"काय चुकलंय? पोटावर लक्ष दिलेलं दिसत नाही माणसाने."

"यकृत डावीकडे आहे!"

"कुठे डावीकडे? हा तुमच्याकडे तोंड करून उभा आहे."

काकांनी पुन्हा आकृतीकडे पाहिलं.

"गिऱ्हाईक उभं राहतं तसा," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांना खांद्याला धरून समोर उभं केलं. "तुमचा उजवा हात वर करा. बघा, माझ्या डाव्या हाताला आला की नाही? शिकत होते तेव्हा एका गृहस्थाचा आतला खिसा मी उलट्या बाजूला लावून ठेवला होता. तेव्हापासून टाचणी लावायच्या आधी हात वर करायला सांगते."

काका हात वर करून उभे राहिले. नकाशा वरून पाहायचा असतो. घर कधी माणसाकडे तोंड करून उभं राहत नाही, त्याची बाजू पाहणाऱ्याची बाजू असते. एकतीस वर्षं त्यांना हेच ठाऊक होतं. बाकीच्या एक्केचाळीस जणांना मॅडमनी हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं. त्यांनी आकृतीतली बाजू मनात एकदा बदलून घेतली होती. काकांच्या चिठ्ठीने ती पुन्हा एकदा बदलली.

"हात खाली घ्या आता," काकू म्हणाल्या.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला दाखवलंत कधी?"

त्या स्टुलावर बसल्या. पुस्तक त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं आणि बोटाने हिरवी पिशवी शोधली.

"हे का ते?"

"हो."

"एवढंसंच आहे. हे काढलं तर माणसाचं अडतं?"

"नाही. पित्त यकृतात तयार होतं. ते थेट आतड्यात उतरतं. पिशवी नुसती साठवणीची." ते हे पुस्तकात न बघता म्हणाले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"पुस्तक आणलं त्याच दिवशी. मागे सूची आहे. तिच्यातून पान काढून वाचलं होतं."

"मग सहा महिने काय वाचत होतात?"

"बाकीचं."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्याच पानावर खाली बारीक अक्षरात दिलंय," काका म्हणाले. "काय काय होऊ शकतं ते. हजारात किती जणांना. मी म्हटलं, आधी हाडं वाचू. मग स्नायू. जेवढं वाचायचं बाकी आहे, तेवढे दिवस तू..."

"मला वाटायचं, तुम्ही वाचताय तोवर टळतंय तर टळू दे," काकू म्हणाल्या. "मलाही काही फार हौस नव्हती. परवा तुम्ही वर्गात असताना पुन्हा आली होती कळ. तासभर. सांगितलं नाही तुम्हाला. वहीत लिहीत बसला असतात."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"किती जणांना म्हणालात?"

"हजारात दोघा-तिघांना. त्यातलेही बहुतेक बरे होतात."

काकूंनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मग टेबलावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांनी दुकानाचा फोन पुढे घेतला आणि नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता, याचं काकांना आश्चर्य वाटलं.

"दवाखाना? हो, मीच बोलतेय. नाही, काकांना नको द्यायला, ते इथेच आहेत. त्यांचा अभ्यास झाला म्हणा किंवा नाही झाला म्हणा." त्यांनी काकांकडे पाहिलं. काका पुढे आले आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. "तुम्ही माझ्या कागदावर लिहून घ्या ताई. ऑपरेशन करायचं. मी ठरवलंय."